‘कुमारो भाय…’ : तुटलेल्या नावांचे वाचन

नाणेघाटातील लेण्यात एकेकाळी एक राजघराणे उभे होते. मागच्या भिंतीवर ओळीने कोरलेल्या आठ मूर्ती आणि प्रत्येकीच्या वर ब्राह्मी लिपीत तिचे नाव. आज मूर्ती नाहीत, नावे आहेत. पहिले नाव ‘राया सिमुक सातवाहनो सिरिमातो’. त्यापुढे राणी आणि राजा यांचे मिळून एकच वाक्य, ‘देवि नायनिकाय रञो च सिरि सातकनिनो’. मग ‘कुमारो भाय’ एवढी अक्षरे येतात आणि दगड संपतो. त्याच्या शेजारच्या मूर्तीचे नाव तर पार गेले आहे. पुढे ‘महारठि त्रनकयिरो’, ‘कुमारो हकुसिरि’ आणि शेवटी ‘कुमारो सातवाहनो’.

या लेखात मला बोलायचे आहे ते ‘भाय’नंतरच्या रिकाम्या जागेविषयी. त्या जागेत काय होते हे सांगण्याचा माझा अधिकार नाही. तो लिपितज्ज्ञांचा प्रांत आहे. परंतु ती रिकामी जागा मराठी पुस्तकांतून आपल्यापर्यंत कशी पोहोचते, किंवा पोहोचतच कशी नाही, हे पाहण्याचा अधिकार वाचकाला निश्चित आहे.

मराठीत या काळाविषयी वाचू इच्छिणाऱ्याला महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांच्या ‘सातवाहन आणि पश्चिम क्षत्रप यांचा इतिहास आणि कोरीव लेख’ या ग्रंथाला वळसा घालून जाता येत नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो १९७९ साली प्रसिद्ध केला. तेव्हा मिराशींचे वय ८६ होते. त्या वयात त्यांनी हे काम मराठीत केले, याबद्दल आपण त्यांचे ऋणी असले पाहिजे, कारण इतिहास सांगणारे पुष्कळ असतात, पण ज्याच्या आधारे इतिहास सांगितला तो मूळ लेख वाचकाच्या हाती देणारे थोडे. मिराशींनी इतिहासाबरोबर लेखही दिले. म्हणजे, ‘माझे म्हणणे पटत नसेल तर हा दगड, तुम्हीच वाचा,’ असे म्हणण्याची त्यांची तयारी होती.

माझी तक्रार आहे ती त्यांच्यानंतरच्या आपल्या वाचनाविषयी. गाइडे, स्मरणिका, स्पर्धापरीक्षांची पुस्तके, जिल्ह्याजिल्ह्यांचे गौरवग्रंथ यांतून हीच नावे येतात तेव्हा ती सगळी धडधाकट झालेली असतात. ‘कुमारो भाय…’चा कुठे कुठे ‘कुमार भायल’ होतो. ‘ल’ हे अभ्यासकाने कंसात सुचवलेले अक्षर. कंस गळतो, अक्षर राहते, आणि पुढच्या पुस्तकात तो राजपुत्र जणू शाळेच्या हजेरीपटावर असल्यासारखा पूर्ण नावाने वावरू लागतो.

एका अक्षराने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. नाणेघाटातच त्याचे उत्तर आहे. लेण्याच्या डाव्या-उजव्या भिंतींवर जो मोठा लेख आहे, तो एका राणीने केलेल्या यज्ञांची आणि दक्षिणांची यादी आहे. राजसूय, दोन अश्वमेध आणि इतर अनेक यज्ञ. कुठे १७०० गाई आणि १० हत्ती, कुठे ११,००० गाई आणि १००० घोडे. या आकड्यांवरूनच पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी प्राचीन अंकलेखनाचा छडा लावला. ती राणी महारठीची कन्या होती, कुमारांची आई होती, महिनामहिना उपवास करणारी, घरात राहून तापसीसारखी जगणारी होती, हे सारे त्या लेखात आहे. नाही ते फक्त तिचे नाव! जिथे ते असावयाचे तिथे दगड तुटला आहे. गाई मोजून मिळतात, राणीचे नाव मिळत नाही. ते आपल्याला मिळते मागच्या भिंतीवरच्या त्या लहानशा ओळीतून, आणि त्या ओळीखाली आता मूर्ती नाही. एका भिंतीवर चरित्र आहे आणि नाव नाही, दुसरीवर नाव आहे आणि रूप नाही. ‘नायनिकेचा लेख’ असे आपण सहज म्हणतो, तेव्हा या दोन भिंती एका अनुमानाने जोडलेल्या असतात. अनुमान सबळ आहे, मलाही ते मान्य आहे. पण ते अनुमान आहे, हे मराठी वाचकाला सांगावयास नको काय?

त्याच मोठ्या लेखात एका कुमाराचे नाव येते. योहान गेओर्ग ब्यूलर यांनी १८८३ साली ते ‘वेदिसिरि’ असे प्रसिद्ध केले. पुढे त्याच झिजलेल्या अक्षरांत ‘खंदसिरि’, म्हणजे स्कंदश्री, असे नाव आहे असा पक्ष मांडला गेला. दगड तोच, अक्षरे तीच, राजपुत्र दोन. पुराणांतील वंशावळीशी मेळ कसा घालायचा, सातकर्णीनंतर गादीवर हक्क कोणाचा होता, हे सगळे या दोन-तीन अक्षरांच्या वळणावर अवलंबून आहे.

राणीच्या नावाचेही पाहा. दगडावर ‘नायनिका’ आहे. एका चांदीच्या नाण्यावर ‘नागनिका’ असे रूप वाचले गेले आहे. मराठी पुस्तकांत आणि सभा-संमेलनांत ‘नागनिका’च रूढ झाली, कारण ते नाव आपल्या कानाला अर्थपूर्ण वाटते. परंतु ‘नायनिका’ ही चूक नव्हे. दोन स्वरांमधला ‘ग’ गळून त्या जागी हलका ‘य’ येणे ही प्राकृताची बोलण्याची रीतच आहे, आणि आपली मराठी याच घराण्यातली आहे. ‘नगर’चे ‘नयर’ होऊन पुढे गावांच्या नावांत ‘नेर’ उरते, संगमनेर, पारनेर, अंमळनेर, ते याच वाटेने. दगडावरचे रूप पुसून आपण ‘शुद्ध’ रूप लिहितो, तेव्हा त्या काळी राणीला लोक कसे हाक मारीत याचा एकुलता एक पुरावा आपण सुधारून टाकतो.

या बाबतीत ग्रीक लेखांच्या अभ्यासकांनी स्वतःला जी शिस्त लावून घेतली, तिचा आपल्याला हेवा वाटावा. ग्रीसमध्ये आणि आसपासच्या बेटांवर नावांच्या याद्या कोरलेले दगड अगणित सापडतात, आणि त्यांतले बहुतेक फुटलेले. अथेन्सच्या एरेख्थेइस या कुळगटातील लढाईत पडलेल्यांची यादी आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. ख्रिस्तपूर्व ४६०च्या सुमाराची. सायप्रस, इजिप्त, फिनिशिया आणि ग्रीसमधली तीन ठिकाणे यांची नावे देऊन ‘एकाच वर्षात’ हे सारे मेले असे वर लिहिले आहे आणि खाली रकान्यांत नुसती नावे. बापाचे नाव नाही, गावाचे नाही. एका नावापुढे मात्र तो सैन्याचा शकुन पाहणारा होता अशी नोंद आहे. तेलेनिकोस त्याचे नाव. शकुन पाहणाराही लढाईत गेला! असो.

अशा याद्यांतला एखादा तुकडा हाती येतो आणि त्यावर नावाचा शेवट तेवढा शिल्लक असतो, ‘…ओदोरोस’. हा हेलिओदोरोस असेल, दिओदोरोस असेल, थेओदोरोस किंवा अपोलोदोरोसही असेल. आपल्याकडे नुसते ‘…नाथ’ उरावे आणि तो एकनाथ, सोमनाथ की काशीनाथ हे ठरवावे तसेच हे. येथे अभ्यासक काय करतो? ओळीत किती अक्षरे बसतात हे मोजतो, त्या गावात कोणती नावे चालत हे पाहतो, आणि तरीही जे त्याने भरले ते चौकोनी कंसात ठेवतो. जे अक्षर अर्धवट दिसते त्याखाली टिंब देतो. १९३१ साली हॉलंडमधील लायडन येथे ही चिन्हे ठरली आणि आजही ग्रीक-लॅटिन लेख छापताना ती पाळतात. दुसरे काम ऑक्सफर्डमध्ये झाले. पीटर फ्रेझर यांच्या कल्पनेतून १९७२ साली ग्रीक व्यक्तिनामांचा कोश हाती घेतला गेला, आणि त्याचा पहिला खंड १९८७ साली निघाला. कोणते नाव कोणत्या प्रदेशात, कोणत्या शतकात, किती वेळा आढळते, याचा तो कोश. त्यात राजा आणि कुंभार एकाच ओळीत बसतात, कारण तेथे मोल पराक्रमाचे नसून नाव शिल्लक राहण्याचे आहे.

आपल्याकडे असा नामकोश का होऊ नये? सामग्री थोडी नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहातच पाहा. वैजयंतीचा श्रेष्ठी भूतपाल येथे आहे, हे शैलगृह जंबुद्वीपात उत्तम आहे असे अभिमानाने सांगणारा. सिंहस्तंभ देणारा महारठी अगिमित्रणक आहे. धेनुकाकटाचा सुगंधी वस्तूंचा व्यापारी सिहदत आहे, आणि त्याच गावचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, हाही आहे. सुताराच्या बापाचे नाव दोन हजार वर्षे टिकले, ही गोष्ट आपल्या इतिहासाच्या पुस्तकांना सांगण्यासारखी वाटली नाही, कारण सुतारावर परीक्षेत प्रश्न येत नाही.

त्याच खांबांवर ग्रीकांचा विषय आपल्या दाराशी येतो. धेनुकाकटाच्या दात्यांत काही जण स्वतःस ‘यवन’ म्हणवतात. त्यांची नावे सिहधय, धम्म, यसवधन, चुलयख. यांत एकही ग्रीक नाव नाही. मग हे यवन कसले? विल्यम टार्न यांनी १९३८ सालच्या आपल्या ग्रंथात असा तर्क केला की हे मूळचे भारतीयच, ग्रीक धाटणीच्या नगराचे नागरिक म्हणून यवन म्हटले गेलेले. इतरांच्या मते हे खरोखरचे परदेशी, बौद्ध होऊन इथली नावे घेतलेले. तिसरा पक्ष म्हणतो की तोवर ‘यवन’ हे जातिकुळाचे नाव झाले होते आणि मूळ भाषेचा त्याच्याशी संबंध उरला नव्हता. जुन्नरच्या लेण्यांत मात्र दोन यवन असे भेटतात की ज्यांची नावे प्राकृतात विरघळलेली नाहीत. इरिल आणि चिट. इरिलाने पाण्याची दोन टाकी दिली, चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप. स्टेन कोनो यांनी हे गॉथ लोक असावेत असे सुचवले होते. मला ते ओढूनताणून आणलेले वाटते. पाण्याचे टाके देणारा माणूस कोठून आला यापेक्षा तो येथे राहिला, हे अधिक महत्त्वाचे नव्हे काय?

नाशिकच्या सतराव्या लेण्यातील लेख या दृष्टीने मला सर्वांत मोलाचा वाटतो. दाता स्वतःची ओळख सविस्तर देतो. उत्तरेकडचा, दत्तामित्री नगरीचा, योनक, धंमदेवाचा पुत्र इंद्राग्निदत्त. आईवडिलांच्या स्मरणार्थ त्याने तिरण्हु डोंगरात हे लेणे खोदविले, आत चैत्यगृह आणि टाकी केली, आणि ते आपला पुत्र धंमरखित याच्यासह भिक्षुसंघाला दिले. आजोबा धंमदेव, बाप इंद्राग्निदत्त, नातू धंमरखित. तीन पिढ्या आणि तिन्ही नावे इथली. मधल्याचे तर दोन वैदिक देवतांच्या जोडीवरून ठेवलेले, आणि दान बौद्ध संघाला. ग्रीक शब्द शोधायचा तर तो गावाच्या नावात लपलेला आहे. दत्तामित्री म्हणजे देमेत्रियस राजाच्या नावाची नगरी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. देमेत्रियसचा ‘दत्तमित्र’ होताना इथल्या जिभेने त्याला ‘दत्त’ही दिला आणि ‘मित्र’ही. मिनांदरचा मिलिंद झाला तो याच रीतीने.

विदिशेजवळ बेसनगरचा गरुडस्तंभ उभारणारा हेलिओदोर याने मात्र आपले नाव फारसे मोडू दिले नाही. दियाचा पुत्र, तक्षशिलेचा, यवनदूत, आणि तरी भागवत, वासुदेवाचा भक्त. एकाने धर्म घेतला आणि नाव राखले, दुसऱ्याने नावही घेतले आणि ‘योनक’ हा शब्द तेवढा राखला. दोघांनीही स्वतःविषयी काय लिहावयाचे ते स्वतः ठरवले. माझ्या मते हे दोन लेख शेजारी ठेवून वाचल्याखेरीज ‘यवन’ या शब्दाविषयी काही बोलू नये. मराठीत तसे वाचन मला अजून आढळले नाही.

खुद्द ग्रीक अक्षरे महाराष्ट्रात पाहावयाची असतील तर जोगळटेंभीला जावे लागते. नाशिक जिल्ह्यातील या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. तेरा हजारांहून अधिक नाणी, क्षहरात राजा नहपान याची. एका बाजूस ग्रीक अक्षरे, दुसऱ्या बाजूस ब्राह्मी आणि खरोष्ठी. एका नाण्यावर तीन लिप्या, आणि तिन्हींत एकच मजकूर, राजा क्षहरात नहपान. अडचण अशी की नाण्याचा ठसा चांदीच्या तुकड्याहून मोठा. कोणत्याच एका नाण्यावर सारी अक्षरे उमटत नाहीत. याच्यावर आरंभ, त्याच्यावर शेवट. रेव्हरंड स्कॉट यांनी ही नाणी तपासून १९०७ साली त्यांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. अशी अनेक नाणी एकमेकांशेजारी ठेवल्यावर पूर्ण नाव हाती लागते. तुटलेले नाव जोडण्याचा हा खरा मार्ग. कल्पनेने अक्षर भरावयाचे नाही, तर दुसरा तुकडा शोधावयाचा.

या नाण्यावरचा एक शब्द मी अनेकदा वर्गात फळ्यावर लिहिला आहे. ब्राह्मीत आहे ‘रञो’, म्हणजे संस्कृत ‘राज्ञः’. ग्रीक लिपीत ‘ञ’ला अक्षर नाही. ठसे करणाऱ्याने काय करावे? त्याने दोन ‘न’ आणि एक ‘इ’ लिहून वेळ भागवली, ‘रान्निओ’. ऐकले तसे, जमले तसे. पुढच्या ठशांवर ठसे करणाऱ्यांना ग्रीक येईनासे झाले आणि अक्षरांची नुसती नक्षी उरली.

या ‘ज्ञ’ने आमच्या भागात आजही माणसांना छळले आहे. आम्ही पैनगंगेच्या अलीकडचे. ही नदी आता दोन राज्यांची हद्द आहे. नदीपलीकडे ‘ज्ञ’चा उच्चार द्न्य, अलीकडे तेलुगूत ग्न्य. मराठी घरातला ज्ञानेश्वर पलीकडच्या शाळेत रोमन अक्षरांत ‘डी’ने लिहिला जातो, अलीकडच्या शाळेत ‘जी’ने. काही वर्षांपूर्वी असा एक मुलगा पलीकडून सातवीचा दाखला घेऊन आला. आमच्या कारकुनाने त्याचे नाव इकडच्या रीतीने ‘जी’ने उतरवले, आडनावाचे एक अक्षर करून पुढे लावले, कारण इकडे ‘इंटिपेरु’ आधी येते आणि बहुधा आद्याक्षर होऊनच येते. बापाचे नाव त्या ओळीतून गेलेच. दहावीचा मेमो त्याच नावाने निघाला. पुढे एका कार्यालयाने पहिला दाखला आणि मेमो यांतली माणसे दोन आहेत असे ठरवले, आणि प्रतिज्ञापत्र होईपर्यंत (या शब्दातही तोच ज्ञ!) त्याची एका वर्षाची शिष्यवृत्ती बुडाली. दाखलखारीज रजिस्टरातील त्या पानावर सही माझी आहे. कारकुनाला बोल लावण्यात अर्थ नाही. त्या दिवशी मी ते नाव वाचले होते, पण पाहिले नव्हते.

आडनावाचा असा एका अक्षरावर आलेला तुकडा हा ‘कुमारो भाय…’च होय, फक्त येथे दगड आपणच फोडतो. आमच्या गोंड विद्यार्थ्यांचे तर याहून कठीण. केसलापूरच्या नागोबाची जत्रा ज्या कुळाची, ते अलीकडे मेस्रम आणि पलीकडे मेश्राम. अलीकडचे आत्रम पलीकडे आत्राम. कूळ एक, देव एक, सोयरिकीची बंधने एक, कागद मात्र दोन. घरात गोंडी, बाजारात मराठी, शाळेत तेलुगू, आणि मेमोवर इंग्रजी अक्षरे. नहपानाच्या नाण्यावर तीनच लिप्या होत्या.

जोगळटेंभीच्या साठ्याची अर्धीच गोष्ट मी वर सांगितली. त्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारला आहे. नहपानाच्या मुखवट्यावर डोंगरासारखे चैत्यचिन्ह, वर स्वतःचे नाव, पाठीमागे उज्जयिनीचे चिन्ह. आपल्याकडे हा प्रसंग स्वाभिमानाने सांगितला जातो, आणि विजय मोठा होता हे खरे. पण भिंगातून नाणे पाहिले की जुन्या ठशाची ग्रीक अक्षरे नव्या अक्षरांच्या फटींतून डोकावतात. राजाने चांदी वितळवली नाही, नुसती वरून ठोकली. त्यामुळेच नहपान आपल्याला वाचता येतो. आणि ज्याने ठोकले तो स्वतःचे नाव सांगताना आधी आईचे नाव सांगतो, गोतमिपुत. महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचे नाव लावणे आवश्यक केले, तेव्हा वर्तमानपत्रांनी तो नवा विचार म्हणून छापला.

आता सीमाभागातला नेहमीचा प्रश्न. सातवाहन कोणाचे? आमच्याकडे चहाच्या टपरीवरही त्याला दोन बाजू आहेत. पुराणे त्यांना आंध्र म्हणतात. त्यांच्या स्वतःच्या एकाही लेखात तो शब्द नाही. मिराशींचा कल त्यांचे मूळ विदर्भात शोधण्याकडे होता, सुखठणकरांनी ते बल्लारीकडे नेले, तर करीमनगरकडच्या कोटिलिंगाल येथे छिमुक सातवाहनाची नाणी मिळाल्यापासून तेलुगू अभ्यासकांचे पारडे तिकडे झुकले. त्याच कोटिलिंगालला गोभद, सामगोप, कंवाय अशा राजांचीही नाणी मिळाली, ज्यांची नावे कोणत्याही पुराणात नाहीत. त्यांच्यावर हक्क सांगायला मात्र कोणी पुढे आले नाही!

मला या वादापेक्षा त्यांचीच एक साक्ष अधिक बोलकी वाटते. पुढच्या सातवाहनांनी चांदीची मुखवट्याची नाणी पाडली. एका बाजूस प्राकृतात ‘रञो वासिठिपुतस सिरि सातकणिस’. दुसऱ्या बाजूस तेच नाव एका द्राविडी भाषेत. ‘पुत’च्या जागी ‘मकन’, ‘सिरि’चे ‘हिरु’, ‘सातकणि’चे ‘हातकणि’. या भाषेला कोणी जुनी तमिळ म्हटले, कोणी तेलुगूची पूर्वावस्था. ते काहीही असो. राजाचे नाव दोन्ही बाजूंना पूर्ण आहे. कोणत्याही बाजूला त्याचे आद्याक्षर केलेले नाही, आणि एक बाजू मूळ व दुसरी भाषांतर असेही नाण्यावर कोठे लिहिलेले नाही. महाराष्ट्रातले आणि तेलंगणातले दोन्हीकडचे लेखक हे नाणे आपापल्या बाजूने छापतात. म्हणजे अक्षरशः एकच बाजू छापतात. मी दोन्ही पुस्तके पाहिली आहेत.

मिराशींच्या ग्रंथाकडे पुन्हा वळतो. इतर बहुतेक इतिहासकारांप्रमाणे त्यांच्याही निवेदनात संस्कृत रूपांचा वावर आहे. यसवधनाचा यशोवर्धन आणि हकुसिरीचा शक्तिश्री ही समीकरणे अर्थ लावण्यासाठी हवीतच, त्यावाचून वंशावळीची जुळणी होणार नाही. त्यांनी लेख दिले असल्याने वाचकाला परत दगडाकडे जाता येते. त्यांच्या मागून चालणाऱ्यांनी मात्र निवेदन तेवढे उचलले आणि लेख मागे ठेवला. परिणामी आज मराठी वाचकाला गौतमीपुत्र माहीत आहे, गोतमिपुत माहीत नाही. हाही एक वरून मारलेला ठसाच आहे, आणि येथे खालची अक्षरे डोकावायलाही जागा ठेवलेली नाही.

अशा ग्रंथांची पुढची आवृत्ती काढणाऱ्यांनी शेवटी एक नामसूची जोडावी, एवढे तरी व्हावे. त्यात नाव दगडावर आहे तसे द्यावे. तुटले असेल तेथे तीन टिंबे, सुचवलेले असेल तेथे चौकोनी कंस, आणि शेजारी हवे तर संस्कृत रूप. सुतार सामी, यवन इरिल, कंवाय, सगळ्यांना त्यात एकेक ओळ मिळावी. ‘भाय…’ हे नाव ‘भ’च्या पानावर टिंबांसह यावे. छपाईचा खर्च त्याने वाढत नाही.

आमच्या रजिस्टरात शेरा म्हणून एक रकाना असतो आणि तो बहुधा कोराच जातो. त्या मुलाच्या नोंदीपुढे त्या रकान्यात आता त्याचे नाव दोन्ही राज्यांच्या रीतीने, आडनाव न तोडता, बापाच्या नावासह लिहिले आहे. देवनागरीतले मी लिहिले. तेलुगूतले त्याने स्वतः लिहिले, माझ्याहून चांगल्या अक्षरात.